मागच्या बाकावरून बोलायचं नाही

ऐक, मधे काही विचारू नकोस, आधी सगळं ऐकून घे.

तर आक्का. शेवटच्या वर्षाला आहे, वयाने कुणाची आक्का नाही, पण पहिल्या वर्षाची पोरं तिला आक्का म्हणतात आणि आता तर मॅडमसुद्धा. तिच्या कॉलेजात वरच्या वर्गातली मुलं खालच्यांचे अभ्यासाचे गट चालवतात, त्यांना मेंटर म्हणतात. शिकवत नाहीत हं, चालवतात. हा फरक नव्या मेंटरांच्या डोक्यात उतरवायचं काम या गटांचं बघणाऱ्या मॅडमनी आक्काच्या गळ्यात मारलंय, आणि ते करता करता तिच्या नाकी नऊ आलेत.

कारण बघ, मेंटरने उत्तर द्यायचंच नाही. कुणी काही विचारलं की प्रश्न तसाच गटाकडे परत टाकायचा, "तुम्हाला काय वाटतं?" आणि मग गप्प बसायचं. खडूसुद्धा पोरांच्या हातात द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण वर्ग चिडीचूप झाला ना, की नव्या मेंटरच्या तोंडातून उत्तर घरंगळतंच. आक्काच्या मात्र हे इतकं अंगात मुरलंय की परवा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, दूध वर आलंय, गॅस बंद करू का?" तर ही पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "तुला काय वाटतं?"

आई म्हणाली, "मला वाटतं तुझं डोकं फिरलंय."

फिरलेलंच होतं म्हण. स्वतःचा गट, नव्यांचं ट्रेनिंग, आणि वर संख्याशास्त्र राहिलेल्या मुलांचा आणखी एक गट. त्या गटाचा मेंटर अर्ध्यातच सोडून गेला आणि मॅडम म्हणाल्या, "आक्का, तेवढं बघ ना." तेवढं बघता बघता हिचा आवाज बसला, डोळ्यांखाली काळं आलं, आणि स्वतःचा प्रोजेक्ट जिथल्या तिथे. प्रोजेक्टच्या सरांनी सांगून ठेवलंय, "सोमवारी फाइल टेबलावर दिसली नाही तर माझ्याकडे येऊ नकोस, पुढच्या वर्षीच ये."

यातून सुटायचा एकच रस्ता होता, आणि तो रस्ता म्हणजे धबधबा.

धबधबा हा दुसऱ्या वर्षाचा पोरगा. हुशार, मनाने चांगला, पण तोंडाला बूच नाही. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत याचं उत्तर सुरू, उत्तराबरोबर एक उदाहरण, उदाहरणाबरोबर त्याच्या आत्याच्या घरची गोष्ट. तो मेंटर म्हणून पास झाला की संख्याशास्त्राचा गट त्याचा आणि आक्का मोकळी. पास व्हायचं म्हणजे त्याने एक खरं सेशन घ्यायचं आणि आक्काने मागच्या बाकावर बसून बघायचं. बघणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही हा मॅडमचा कडक नियम. बोललीस की सेशन बाद, कारण मग पोरं मेंटरला सोडून मागेच वळून वळून बघतात.

धबधबा आधी दोनदा नापास झालेला. ही शेवटची संधी. आज बाद झाला तर परीक्षा होईपर्यंत गट आक्काच्याच डोक्यावर.

सेशनच्या आधी जिन्यात तिने त्याला गाठलं. "आज काहीही झालं तरी उत्तर द्यायचं नाही. जीभ चाव. रक्त आलं तरी चालेल."

"आणि अगदीच कुणी अडलं तर?"

"तर गटाला विचार. माझ्यावर उपकार कर बाबा, मला झोपायचंय."

"आक्का, आज बघच तू. मुका आहे मी."

ती खोली तुला माहितीये कशी असते. एक ट्यूब सारखी फडफडणारी, खुर्ची जरा सरकवली की किंचाळणारी, फळ्यावर आधीच्या तासाचं अर्धवट पुसलेलं काहीतरी. आक्का मागे जाऊन बसली आणि भिंतीला डोकं टेकलं.

आणि खरं सांगते, धबधब्याने कमाल केली. गणित असं होतं, एका ऑफिसात सगळ्यांना थोडा थोडा पगार आणि मालकाला भरमसाट, तर पगाराची सरासरी खरं चित्र दाखवते का. एकाने विचारलं, "मालकाला धरायचं का?" धबधब्याचे कान लालबुंद झाले, गालात हवा भरली, आता फुटतो की काय असं वाटलं, पण म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प. सगळे गप्प. मग लंबू म्हणून एक उंच पोरगा उठला, खडू घेतला, सगळे पगार ओळीने लावले आणि मधला काढला. दुसरा म्हणाला, "अरे, मग हाच बरा की." गटाचं गटाला जमलं. आक्काला मागे बसून रडू यायला लागलं, बरं वाटलं म्हणून. सोमवार दिसायला लागला, फाइल दिसली, उशी दिसली.

सेशन संपत आलं. धबधबा म्हणाला, "कुणाला काही विचारायचंय?"

खिडकीजवळ एक मुलगी बसते. या गटात ती पहिल्या दिवसापासून आहे, बोलत नाही, बॅग कधी खाली ठेवत नाही, मांडीवरच. तिने हात वर केला.

"गणिताचं नाहीये. मी हा पेपर देऊ का नको? मामाने एका दुकानात माझ्या नोकरीसाठी शब्द टाकलाय. तो म्हणतो, एकदा नापास झालीस, परत कशाला तोंडघशी पडतेस. उद्या सकाळी हो की नाही सांगायचंय. म्हणून विचारलं."

धबधब्याने तोंड उघडलं. मग मागे आक्काकडे बघितलं. मग तोंड मिटलं, आणि अगदी शिकवल्यासारखं, हळू आवाजात, सगळ्यांकडे बघत म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

आणि गट लागला ना चर्चेला. त्यांना आता सवय झालेली, बिचाऱ्यांना वाटलं हेही गणितच. लंबू म्हणाला, "हे बघ, परत राहिला तर दुकानही गेलं आणि वर्षही. मी असतो तर दुकान धरलं असतं." दुसरी म्हणाली, "हो ना, हातचं कशाला सोडायचं." एकजण म्हणाला, "सगळ्यांची मतं ओळीने लावा आणि मधलं काढा." सगळे हसले. ती मुलगीपण हसली. हसत हसतच तिने बॅगची चेन लावली.

आक्का मागे स्वतःला बजावत होती. बोलायचं नाही. अजून थोडाच वेळ, बोलायचं नाही, ती जाईल, सेशन संपेल, तू सुटशील. ती मुलगी उठली, खुर्ची किंचाळली.

"पेपर दे," आक्का म्हणाली.

आवाज बसलेला, त्यामुळे नीट ऐकूही गेलं नाही. सगळे मागे वळले. म्हणून तिने परत सांगितलं.

"पेपर दे. मागच्या वेळी तू शेवटच्या दोन प्रश्नांना हातच लावला नव्हतास, घाबरून. मॅडमनी दाखवलाय मला तुझा पेपर. आणि तेच प्रश्न इथे या बाकावर बसून तू सोडवलेस, गेल्या महिन्यात, कुणाला न दाखवता, पण मला दिसलं. पास होशीलच असं मी म्हणत नाही. पण तुला येतं. हे तुझ्या मामाला माहीत नाही, मला माहीत आहे."

मुलगी तशीच उभी राहिली. "मग तो चिडेल."

"चिडेल."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. बसली नाही, गेली. उद्या सकाळी मामाला काय सांगणार, काही कळलं नाही.

बाकीची पोरं पांगली. धबधबा फळा पुसत राहिला, पुसून झालेला फळा परत पुसत राहिला.

"बाद ना?" तो म्हणाला.

आक्का बाकावरून उठून पुढे आली.

"मला तेच सांगायचं होतं तिला. सोडू नकोस म्हणून. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तुझ्यामुळे गिळलं मी, आक्का. तूच म्हणालीस ना, रक्त आलं तरी."

"हो रे."

"मग असं कुणी विचारलं तर काय करायचं? नियम काय?"

ट्रेनिंगच्या एवढ्या तासांत कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता, तिलाही नाही, मॅडमनाही नाही. ती नुसती खुर्च्या सरळ करायला लागली, आणि तेवढ्यात फोन वाजला. मॅडम.

"काय गं आक्का, झाला का आपला धबधबा शांत?"

तो डस्टर हातात घेऊन उभा. नजर खाली. त्याने तर सगळं बरोबर केलं होतं, अगदी शिकवलेलं. चुकला कुणी असेल तर ती. एक हो म्हटलं की त्याला गट मिळत होता, हिला झोप, आणि खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

"सेशन छान घेतलं त्याने," आक्का म्हणाली. "पण मी मधे बोलले."

"अगं, मग मला सेशन बाद करावं लागेल. गट तुझ्याकडेच राहील, कळतंय ना? आणि तुझा प्रोजेक्ट?"

"कळतंय मॅडम."

फोन ठेवला. धबधबा म्हणाला, "खोटं बोलली असतीस तर मी कुणाला सांगितलं नसतं."

"तू?" आक्का म्हणाली. "तू जिन्यात भेटेल त्याला सांगितलं असतंस."

तो हसला, पण मनापासून नाही. तिने दिवा घालवला, दोघं खाली उतरली. फाटकाशी तो म्हणाला, पुढच्या सेशनला मी नुसता येऊन बसतो, फळा पुसतो, काहीतरी करतो. ती म्हणाली, ये.

सोमवारी फाइल टेबलावर नव्हती. आणि संख्याशास्त्राच्या गटात खिडकीजवळची खुर्ची अजून रिकामीच आहे, पेपरला ती येते का ते तेव्हाच कळेल.

आता तू बोल. मॅडमचा फोन आला असता, आणि तो असा डस्टर घेऊन समोर उभा, तर तू काय सांगितलं असतंस?