पुन्हा पहिल्या जागी

सेटवर सगळे त्याला गाणेवाला म्हणत. रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावायचं आणि थांबवायचं, एवढंच त्याचं काम. चित्रपट भुताचा, त्यात गाणी सात, आणि सगळी माणूस फिरकत नाही अशा रानात. हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं होतं कोण जाणे. पण नाचणारी त्याची स्वतःची लेक होती, म्हणून तो तोंड मिटून बसला होता.

आजच्या गाण्यात तिने डोळ्यांवर पट्टी बांधून नाचत दरीकडे जायचं होतं. पट्टी खरी होती, दिग्दर्शकाला खोटं काही चालत नसे. कड्याच्या अलीकडे दोन धडधाकट माणसं तिला धरायला उभी केली होती. मागून सगळ्यांनी ओरडायचं, "थांब गं, थांब." भीती खरी वाटावी म्हणून तालमीत बापालाही ओरडायला लावलं होतं, आणि तोही हौसेने ओरडला होता.

दुसरं कडवं सुरू झालं आणि धुकं असं उतरलं की हातभरावरचं दिसेना. आता दिग्दर्शक थांबवेल म्हणून गाणेवाला कान देऊन बसला. तेवढ्यात शेजारी किटली वाजली. कड्यावरची ती दोन माणसं चहा ओतून घेत होती. धुक्यात कसलं काम, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं होतं.

गाणं बंद करून तो जिवाच्या आकांताने ओरडला, थांब म्हणून. पण ते तर सकाळपासून सगळेच ओरडत होते. आणि गाणं बंद पडलं म्हणून ती थांबणार नव्हती. लहानपणी घरी सराव घेताना तोच मध्ये गाणं तोडायचा. गाणं गेलं तरी मोजणी मोडायची नाही, हे त्यानेच तिच्या अंगात भिनवलं होतं. वर शाबासकीही द्यायचा, शहाणा.

मोजणीप्रमाणे कडा आता तिच्यापासून फार तर सोळा पावलं. धावून तिला गाठणं शक्य नव्हतं.

मग त्याने गाणं पहिल्यापासून लावलं. सुरुवातीला चार टोले वाजत. ते ऐकले की असेल तिथून, आलेली पावलं उलटी मोजत, पहिल्या जागी परतायचं, हेही घरचंच वळण. टोले संपले. धुक्यात काही हललं नाही. त्याने टोले पुन्हा लावले. मग पुन्हा. देवाचं नावही त्याला आठवेना.

सुकी पानं वाजली. ती धुक्यातून बाहेर आली, आपल्या खुणेवर उभी राहिली, आणि पहिली ओळ येताच नाचू लागली. त्याने धावत जाऊन तिला घट्ट धरलं. त्याला रडू आवरेना.

त्याच्या मिठीतही तिचे पाय ताल धरून हलत होते.

"सोड ना बाबा," ती कुजबुजली, "टेक चालू आहे."