एकच तिकीट

मांजर्लीच्या शालनला दोन मुलगे, आणि दोघांनाही कुस्तीचं वेड. आपली लाल मातीतली नव्हे हो, टीव्हीवरची, खुर्च्या डोक्यात घालायची ती. लहानपणी केबलवर ती फुकटात दिसायची. मग चॅनल पैसे मागू लागलं, मग ॲप आलं, मग ॲपचाही भाव दरसाल चढायला लागला. टी-शर्ट उल्हासनगरात हुबेहूब तसाच स्वस्तात मिळतो, पण थोरल्या कल्पेशला तो चालेना. साहेबांना ओरिजिनल हवा! धाकटा दिपेश अंबरनाथच्या कारखान्यात घाम गाळायचा आणि अर्धा खर्च मुकाट्याने उचलायचा, कारण बघायची ती दोघांनी मिळून, हे पहिल्यापासून ठरलेलंच.

यंदा ते पैलवान खुद्द मुंबईत यायचे होते. रविवारी दिपेश नदीवर गेला तर बापाची होडी जागेवर नाही. मागच्या पुरात आईला जिच्यातून बाहेर काढलं, ती होडी कल्पेशने विकून टाकली होती, रिंगला खेटून असलेल्या सीटसाठी.

दिपेशने तेही गिळलं असतं. घरी येऊन त्याने एवढंच विचारलं, की आपण निघायचं कधी.

कल्पेशने नजर चुकवली. "एकच आलं रे. लय महाग करून ठेवलंय त्यांनी."

दिपेशचं टाळकंच सटकलं. पहिला ठोसा नाकावर बसला आणि रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. कल्पेशने त्याला कमरेत धरून बाहेर अंगणात आपटलं, लोखंडी खुर्ची उचलून पाठीत घातली. दिपेशच्या बरगडीत काहीतरी कटकन मोडलं. तरी तो उठला, मागून भावाच्या गळ्याभोवती हात घातला आणि आवळला. इतकी वर्षं ज्याच्यापायी खिसा रिकामा केला, त्याला एका सीटपुरतीही माझी आठवण होऊ नये? डोक्यात तेवढंच, आणि हात आणखी आवळत गेला.

शालन दारापुढच्या ओट्यावर मासे साफ करत होती. दोघांच्या असल्या खोट्या मारामाऱ्या तिने या अंगणात ढिगाने पाहिल्या होत्या. रक्त म्हणून फासलेल्या टोमॅटो सॉसचे डाग धुऊन धुऊन ती वैतागली होती. कल्पेशची बायको चिमी तर मोबाईल काढून हसत शूटिंग करू लागली. कल्पेशने जमिनीवर तळहात आपटला. हरलो, सोड, अशी ती खूण. ती झाली की सोडायचंच, हा भावाभावांचा नियम. दिपेशला खूण दिसली. त्याने सोडलं नाही.

तळहात आपटायचा थांबला तेव्हा कुठे तो भानावर आला. कल्पेशचं तोंड निळं पडलं होतं. दिपेशने त्याला गदागदा हलवलं, गालावर चापट्या मारल्या, छाती दाबली.

"आई, खरं आहे गं," तो रडत ओरडला. "आई, या वेळी खरंच!"

हेही तो दर वेळी म्हणायचा. शालन हसली आणि तिने पुढचा मासा हातात घेतला.