चिमा शुद्धीत होती

सन १९३४चा वैशाख. आत्माराम ड्रायव्हर सकाळी पेज जेवून उठला तेव्हा त्याची बायको मथुरा अंगणात कुळीथ वाळत घालत होती.

"मालगुंडचं वऱ्हाड आणायचं हाय. उन्हं कलायच्या आत परत येतंय," असे सांगून तो गेला.

आत्माराम दारुडा नव्हता. पण मोटारी जिल्ह्यात आल्यापासून लग्नाच्या भाड्याला एक रीत पडून गेली होती. निघण्याआधी यजमानाने ड्रायव्हरला पाजायचे. न पाजणारा यजमान कंजूष ठरायचा आणि न पिणारा ड्रायव्हर माजलेला. त्या दिवशीचे यजमान होते आप्पा खोत. पंगती उठल्यावर गोठ्यामागे त्यांनी स्वतः आत्मारामच्या हाती पेला दिला.

"नको आप्पा, उतार लागतो वाटेत."

"अरे, माझ्या मुलाचं लग्न! खोताच्या घरचा मान नाकारतोस?"

एकाचे तीन पेले झाले.

रत्नागिरी दोन मैलांवर राहिली होती. भर उन्हात, उताराच्या वळणावर मोटार रस्ता सोडून कडेला गेली. मिरकरवाड्याची चिमा मासळी विकून रिकामी पाटी घेऊन त्याच कडेने घरी चालली होती. बावीस वर्षांची ती बाई जागीच गेली.

आत्माराम खाली उतरला. तिचे डोके मांडीवर घेऊन तो रस्त्यात बसला आणि हवालदार येईपर्यंत एकच बोलत राहिला, "मी प्यालो होतो. मी मारली."

आप्पांनी हवालदाराला बाजूला नेले. काय बोलणे झाले ते कोणी ऐकले नाही. पण आत्मारामला डॉक्टरांपुढे उभे केले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर वास गेला होता, पाय ठरले होते. डॉक्टरांनी दिसले तेवढे लिहिले. जामीनही आप्पाच राहिले.

जोगळेकर वकिलांनी त्याला समोर बसवून सगळे समजावले. "पोलिसांपुढे जे बोललास ते कबुलीजबाब म्हणून कोर्टात तुझ्याविरुद्ध चालत नाही. कोर्टातही उत्तर द्यायची तुझ्यावर सक्ती नाही. गुन्हा शाबीत करायचा तो सरकारनं. शाबीत झाला, तर हयगयीनं मरण घडवलं म्हणून दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. लायसन जाईल ते वेगळं."

"आणि गप्प राहिलो तर?"

"तर कदाचित सुटशील. तो तुझा हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही. मात्र खोटा साक्षीदार मी उभा करणार नाही."

त्याची गरजच नव्हती. अपघात पाहणारे सगळे वऱ्हाडातलेच होते, आणि त्यांनी काय सांगायचे ते ठरून गेले होते. आप्पा एका संध्याकाळी आत्मारामच्या ओटीवर येऊन बसले. "आमच्या घरच्या लग्नात दारूचं नाव निघता कामा नये. ती कोळीणच पिऊन मोटारीखाली आली, असं आम्ही सांगू. तू फक्त गप्प राहा."

ते गेल्यावर आत्माराम डोके धरून बसला. मथुरेने त्याचे पाय धरले. "ऱ्हावा गप्प! तुमी आत गेलाव तर मी या पोरीला घेऊन खंय जाव?" त्याला झोप नव्हती, अन्न जात नव्हते. दोनदा तो विहिरीच्या काठावर उभा असलेला मथुरेने पाहिला आणि दोन्ही वेळा हाताला धरून आणला.

खटल्याच्या दोन दिवस आधी, आत्माराम वकिलांकडे गेला असताना, चिमाची आई सोनूबाई दारात आली. मथुरेने पाणी पुढे केले. म्हातारीने ते घेतले नाही.

"तुजा घोव तुरुंगात जावा म्हणून नाय आलंय मी," ती म्हणाली. "तो सुटला म्हणून माजी पोर परत येणार नाय. पण बाजारात बोलतायत, चिमा पिऊन चालली होती. बाय, माज्या पोरीनं उभ्या जल्मात दारूला हात लावला नाय. तिचं पोर दीड वर्साचं हाय. उद्या त्याला लोक सांगतील, तुजी आई पिऊन मेली. मेलेल्या तोंडात दारू ओतू नका. एवढंच मागतंय."

आणि ती निघून गेली. पाण्याचा तांब्या मथुरेच्या हातातच राहिला.

संध्याकाळी आत्माराम पानावर बसला तेव्हा मथुरा म्हणाली, "तुमी बोला."

त्याने वर पाहिले.

"मी कशी निभावीन ते मला ठावं नाय. पण बोला."

कोर्टात वऱ्हाडातले तिघे शपथेवर एकसारखे बोलले. शेवटी फेटा बांधलेले आप्पा उभे राहिले. "बाई झोकांड्या खात होती. तोंडाला वास येत होता." मागच्या बाजूला बसलेल्या सोनूबाईने डोळे मिटून घेतले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आत्मारामला विचारले, "तुला काही सांगायचंय? सक्ती नाही."

तो कठड्याशी पुढे आला. "साहेब, वास माज्या तोंडाचा होता. आप्पांनी मान म्हणून तीन पेले दिले, पण घशाखाली मीच उतरवले. ती बाई कडेनं सरळ चालली होती. शुद्धीत होती."

"याचा परिणाम ठाऊक आहे?"

"वकीलसाहेबांनी सगळा सांगितलाय."

आप्पा तोवर दाराबाहेर पडले होते. खोट्या शपथेबद्दल त्यांना पुढेही कोणी काही विचारले नाही.

आत्मारामला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, लायसन रद्द झाले. शिपाई त्याला नेऊ लागले तेव्हा सोनूबाई उठून पुढे आली. "साहेब, चिमा शुद्धीत होती, असं लिवलाव काय कागदावर?" पट्टेवाला तिला मागे सारू लागला. साहेबांनी त्याला थांबवले आणि निकालातले ते वाक्य पुन्हा, सावकाश वाचून दाखवले. तिने हात जोडले नाहीत. ऐकून घेतले आणि गेली.

पुढच्या हंगामात मालगुंडात पुन्हा लग्ने लागली. आप्पा खोत पंगतीत पुढच्या पाटावर बसले. गोठ्यामागे दुसऱ्या ड्रायव्हरला कोणीतरी पेला भरून दिला, आणि मान म्हणून त्याने तो घेतला. पाहणारे सगळे सभ्य लोक होते.

निकालाच्या दिवशी मथुरा घरी आली तेव्हा शेजारच्या गंगुबाईने तिला अंगणातच गाठले. "पोरीला सांग, बाबा मुंबईला नोकरीला गेला. इथल्या निम्म्या पोरांचे बाप तिथंच आहेत. तिला काय कळतंय?"

मथुरा आत गेली. सात वर्षांच्या हौसाला तिने समोर बसवले.

"बाबा तुरुंगात गेले. दारू पिऊन त्यांनी मोटार हाकली आणि एक बाई मेली. चिमा तिचं नाव. तिची काही चूक नव्हती. कोणी काही वेगळं सांगितलं तर ऐकायचं नाय."

हौसा आईच्या जवळ सरकली.

"बाबा कधी येतील?"

"वर्सानं."

"आणि ती?"