रिकाम्या मुठींतली लेझीम

मी लेझीम बोलतेय. कुणी नाचलं की वाजायचं, एवढंच माझं बोलणं. आता कुणी नाचणार नाही, म्हणून अशी बोलतेय.

सुनेत्राताईंनी आम्हा दोघींना पुण्याहून सिंगापूरला आणलं. एक त्यांची, आणि मी त्यांच्या नवऱ्याची, शिरीषकाकांची. काकांच्या तळव्याला फोड यायचे, म्हणून ताईंनी माझ्या दांड्यावर जुन्या जांभळ्या साडीचा काठ गुंडाळला.

रॅफल्स प्लेसच्या बँकेत काका दिवसभर चार शब्द बोलत नसत. पण गणपतीत ताईंच्या जोडीनं नाचायचे. दर चौथ्या ठोक्याला उजवीकडे वळून ताईंसमोर वाकायचे. ताई हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. आम्ही दोघी एका कापडी पिशवीत कपाटात पडून राहिलो.

यंदा मार्चमध्ये लेझीम पथकाचा निशिकांत घरी आला. तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये पेशावरच्या गायकाच्या पश्तो गाण्याचं शूटिंग होतं आणि मागं नाचायला माणसं कमी होती.

"काका, लग्नाचा सीन आहे. नुसतं गोल फिरायचं. घरात बसून बुरशी येईल तुम्हाला!"

काकांनी पिशवी खांद्याला लावली. मी हरखले.

"चाचा, ये नहीं चलेगा. हाथ खाली रखिए," मला बघून दिग्दर्शक म्हणाला. मी खुर्चीखाली गेले.

ढोल सुरू झाला. बाकीचे टाळ्या वाजवत फिरू लागले. काकांच्या मुठी मात्र आपोआप वळल्या. खाली, वर, छातीशी. मी हातात नव्हते, तरी ते मलाच वाजवत होते. चौथ्या ठोक्याला ते उजवीकडे वळले आणि वाकले. तिथं कुणी नव्हतं. काका हसले.

आठवड्यात लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. गायकाकडे कुणी बघेना. काकांना नाव पडलं, 'हवेचा नवरा'. कुठली कुठली पोरं मुठी वळून हवेपुढे वाकू लागली.

त्यांची मुलगी जाई फोन घेऊन आली. "बाबा, माझ्या whole office नं बघितलं, lah! You're famous!" मग तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावला. काकांच्या उजवीकडची जागा तिला दिसली. तिनं फोन पालथा ठेवला.

गणपती आले. काकांनी माझ्या साखळीला तेल लावलं. एकदा तरी नीट नाचून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं असावं.

गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर पाऊल ठेवताच ओरडा झाला, "लेझीम नको, काका! व्हायरलवालं करा!"

निशिकांतनं हसत मला काढून घेतलं. "लोकांना तेच हवंय हो."

काका नाचले. सगळ्यांचे फोन वर झाले. चौथ्या ठोक्याला ते उजवीकडे वळले, तर तिथं पथकातला निहार डोक्यावरून ओढणी घेऊन लाजत उभा! हॉल हसून हसून लोळला.

काका वाकले नाहीत. थोडा वेळ ओढणीकडे बघत राहिले आणि खाली उतरले. निहार मागून म्हणाला, "अहो काका, गंमत केली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमची पिशवी इमारतीखालच्या निळ्या रीसायकलिंगच्या डब्यात टाकली. टाकण्याआधी माझ्या दांड्यावरचा जांभळा काठ सोडवून खिशात ठेवला.

आमच्या साखळ्या एकमेकींत अडकल्या आहेत. कचऱ्याची गाडी येईल तेव्हा आम्हाला वेगळं करू नका, एवढंच मागणं आहे. आणि तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत आलाच, तर हसा हवं तर. फक्त त्यांच्या उजवीकडच्या जागेला हसू नका. ती रिकामी नव्हती.