मांडीवरचं पिस्तूल

"पिस्तूल बघून झालं की आणणाऱ्याकडेही बघत जा, मार्नी," ओर्विल मला म्हणाले होते. मी हसून म्हटलं होतं, "माणसं तुम्ही बघा. मला लोखंड पुरे."

अमेरिकेत मिझुरीतल्या आमच्या गावात ओर्विल यांचं बंदुकांचं दुकान आहे. शेरीफच्या पोलीस खात्यात नवी पिस्तुलं आली की जुनी आमच्याकडे विकायला येतात. कुठलं किती झिजलंय ते मी ठरवते. ओर्विल म्हणतात, "पोलिसाचं पिस्तूल आणि माझं बायबल सारखंच. कव्हर झिजलेलं, आत कोरं." कमरेच्या होल्स्टरमध्ये घासून नळीच्या टोकाचा रंग उडालेला असतो, पण गोळी झाडलेली असते ती फक्त नेमबाजीच्या परीक्षेत.

निवृत्त झालेले पोलीस बऱ्याचदा स्वतःचंच पिस्तूल परत विकत घेतात. मागच्या वर्षी लायल प्रुइटनी घेतलं. ते मीच तपासलं होतं. या वसंतात त्यांची बायको नेटी गेली, आणि परवा सकाळी ते तेच पिस्तूल घेऊन आले. त्यांनी गोळ्यांचं मॅगझिन काढून ठेवलं, शेजारी एक सुटी गोळी.

"पुतण्याला द्यायचंय. बघ गं, कामाचं आहे का. का म्हातारं झालं माझ्यासारखं?"

ते रिकामं आहे ना, हे मी आधी पाहिलं. नळी स्वच्छ, वर्षभरात एकही गोळी झाडलेली नव्हती. टोकाची झीज होती तेवढीच. मात्र मुठीचा खरबरीतपणा अंगठ्याखाली गुळगुळीत झाला होता आणि वरच्या लोखंडावर बोटांच्या आकाराचा गंज चढला होता. हा घामाचा गंज. होल्स्टरमध्ये असा चढत नाही.

मग मी ती सुटी गोळी उचलली. तिची कड ओरखड्यांनी भरली होती, पुढचं टोक आत दबलं होतं. एकच गोळी पुन्हा पुन्हा नळीत चढवली आणि काढली की असं होतं.

मी ती हळूच खाली ठेवली.

"हल्ली हे कमरेला लावता, मिस्टर प्रुइट?"

"होल्स्टर कधीच देऊन टाकलं."

"मग?"

"संध्याकाळी मांडीवर असतं." ते खिडकीबाहेर बघत होते. "नेटी नाही, तर टीव्ही कोणासाठी लावू?"

विचारलं तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात शिरेल, अशी भीती वाटली. न विचारण्याची त्याहून जास्त वाटली.

"जीव द्यायचं मनात येतं का तुमच्या?"

त्यांनी ती गोळी बोटाने फिरवली. मग म्हणाले, "रोज काढून ठेवतो ना गोळी, पोरी."

"आणि एखाद्या दिवशी नाही काढली तर?"

मागून ओर्विल आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लायल, हे माझ्या तिजोरीत राहील."

"माझं आहे ते."

"तुझंच आहे. घरी अजून काय आहे?"

"नेटीची शिकारीची बंदूक."

"चल, तीही आणू. मग माझ्याकडे जेव. बायकोने रश्शात बुडवायची बिस्किटं केलीत. माझ्यासारखीच दगड आहेत, पण रस्सा बरा असतो."

लायल हसले नाहीत, पण उठले.

मी कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट बदलला. गोळ्यांच्या शिशाची धूळ अंगावर घेऊन मी माझ्या लहानग्या जूनीला कधी उचलत नाही. संध्याकाळी तिला पाळणाघरातून घेतलं. तिने माझं बोट धरलं आणि मला त्या गंजातली बोटं दिसली.

काल मी त्यांना फोन केला. "बरा आहे," म्हणाले. मला पटलं नाही. मी जूनीला गाडीत घातलं आणि त्यांच्या घरी गेले. अंधारात बसले होते, मांडी रिकामी. त्यांनी जूनीला मांडीवर घेतलं आणि मग कुठे दिवा लावला.

तुमच्या ओळखीतही असं कोणी असेल, नुकतंच एकटं झालेलं, फोनवर "बरा आहे" म्हणणारं. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाल का? दार वाजवा, आणि आत जाऊन बसा.