दोन भोकांच्या मधलं भोक

"ताठ उभी राहा. आणि माझ्याकडे बघू नकोस, समोर बघ."

"समोर भिंत आहे."

"मग भिंतीकडे बघ."

रविवारी सकाळी बंद कारखान्यात मी भिंतीकडे बघत उभी होते आणि आमचे हे गुडघे टेकून माझ्या काठीच्या नळीवर खूण करत होते. लग्न ठरवतानासुद्धा यांनी मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मला काठी आली. उंची कमीजास्त करायला तिच्या नळीला ओळीने भोकं असतात आणि आतलं बटण त्यांतल्या एकात अडकतं. माझी उंची नेमकी दोन भोकांच्या मधली. एका भोकात अडकवलं की मी वाकून चालायची, दुसऱ्यात अडकवलं की खांदा कानाला भिडायचा आणि संध्याकाळी रडकुंडीला आणायचा. लेक चढावर राहते. तिला मुलगी झाल्यापासून मी तिकडे गेले ती जावयाच्या स्कूटरवर मागे, पोत्यासारखी. मला माझ्या पायांनी जायचं होतं, कोणाचा हात न धरता. एवढंच हवं होतं, पण फार हवं होतं.

"मधे एक भोक पाडतो की," हे म्हणाले, जणू आयुष्यात दुसरं काही केलंच नाही. आणि खरंच केलेलं नाही. ड्रिलिंग मशीन आणि हे, असा यांचा संसार. मी आपली मधेमधे. आज कशाकशाला भोकं पाडली, हे मला रोज संध्याकाळी ऐकावं लागायचं.

आत येताना फाटकावर वॉचमन म्हणाला होता, "काका, स्टोअर आज बंद आहे. कुणाला हातमोजे हवेत का?"

"मशीनवर काम आहे."

"ते चालतं अजून?"

हे तसेच आत शिरले. मशीनवरचं प्लास्टिक ओढलं तेव्हा एवढी धूळ उडाली, की मला ठसका लागला. पलीकडे काचेच्या दारांची नवी मशीनं रांगेत उभी होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना मशीनवरून उठवून स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं होतं, आणि संध्याकाळची ती भोकं सगळी मनातली होती. मला फार वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण मी काठी यांच्यापुढे धरली.

यांनी खण उघडून ड्रिलं मांडली. "सांग, कोणतं लावू?"

मी लांब, बारीक, टोकदार होतं ते दाखवलं.

"ते गोल नळीवर घसरेल. जरा बाजूला सरकलं की मूठ तिरकी बसणार. काठी कामातून गेली."

"मग आधी ठोकून खड्डा करा. घरी खिळ्याने करता तसा."

"पातळ नळी आहे, दबेल." मग यांनी दुसरं उचललं. "हे सेंटर ड्रिल. पुष्कळजण हेच लावतात. पण याच्या टोकाला हे इवलंसं नाक आहे ना, ते मोडून आत बसलं की पुढे कुठलंच ड्रिल शिरत नाही. माझं एकदा बसलंय. साहेब आठवडाभर बोलले नव्हते."

शेवटी एक ठेंगणं, जाड ड्रिल निवडलं. "हे नुसती जागा धरतं. आखूड आहे म्हणून वाकत नाही. आणि याचं टोक मागून येणाऱ्या ड्रिलपेक्षा पसरट. म्हणजे ते ड्रिल मधोमध टेकतं, कडांवर आपटत नाही."

"तुमच्यासारखंच आहे," मी म्हणाले. "ठेंगणं."

हे हसले. नळी खाचेच्या ठोकळ्यावर आवळली, चष्मा पुसला, मशीन सुरू करून त्याचा दांडा हातात घेतला आणि थांबले.

"बिघडली तर दुसरी आणू," मी म्हणाले.

"दुसरी कशाला?"

दांडा खाली आला. खुणेवर वाटीएवढा, म्हणजे मुंगीच्या वाटीएवढा, चकचकीत खळगा पडला. हे नाक टेकेल इतके वाकून त्याच्याकडे बघत राहिले. मग ड्रिल बदललं आणि एका दमात भोक पाडलं. कानशीने कड साफ केली. बटण टक्कन बाहेर आलं, मधोमध. मूठ सरळ.

तिथून थेट लेकीकडे निघालो. बसमधून उतरल्यावर यांनी सवयीने हात पुढे केला. "राहू द्या," मी म्हणाले. चढ मी एकटी चढले. दम लागला, मधे थांबावंही लागलं, पण खांदा जागेवर होता आणि पाठ सरळ होती. मागून यांच्या चपलांचा आवाज येत होता, तो बरा वाटत होता.

लेकीने दार उघडलं. "आई? चालत आलीस?"

"बाबांनी काठीला नवं भोक पाडून दिलं. त्यांच्या मशीनवर."

"एवढ्या कामात त्यांना वेळ कसा मिळाला?"

"आज रविवार ना. मशीन रिकामं होतं म्हणून जमलं."

हे तोवर पायरीशी पोचले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काठी भिंतीला टेकवत होते. "हाताला तेल आहे," असं म्हणत ते आत गेले, आणि नात रडायला लागली तरी बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.