हिंदुरावांच्या पहाऱ्यात

या, असे जवळ बसा. वरकुट्याची एक गोष्ट सांगायची आहे, नव्वद सालानंतरची. ऐकताना मान खाली गेली तर जाऊ द्या. देवाच्या दारात बसणाऱ्यांनीच ती ऐकायची आहे.

गावात सप्ताह बसला होता. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नाम तुटत नाही. त्या दुपारी वीणेचा पहारा हिंदुरावांचा. सप्ताहाचे पुढारीही तेच. देवळाच्या ओट्यावर उभं राहून ते नाम घेत होते, पण डोळे होते समोरच्या उतारावर, बौद्धवस्तीकडं.

तिथं पावसात पडलेला विहार पुन्हा उभा राहत होता. बारामतीची नोकरी संपवून गावी आलेले नाना त्या कामाचे म्होरके. पण पहिलं घमेलं त्यांच्याच डोक्यावर चढायचं. हिंदुरावांना त्या जागेतून ट्रॅक्टरची वाट हवी होती. त्यांनी वाळू अडवली, गवंडी फितवला. नाना स्वतः थापी घेऊन बसले. भिंत कमरेला आली, तसं हिंदुरावांनी आपल्या गड्याला, महिपतीला सांगितलं, "आज कालव्याच्या चारीला पाणी हाय. बांध फोड. ओली भिंत बसंल खाली."

महिपतीनं बांध फोडला. पण पाणी काही हिंदुरावांच्या हुकमात नव्हतं. ते भिंतीला नुसतं चाटून वळलं फुलाबाईच्या मातीच्या घराकडं. फुलाबाई म्हणजे हिंदुरावांची सख्खी चुलती, अंथरुणाला खिळलेली.

हिंदुरावांनी ओट्यावरून सगळं पाहिलं. मागं देवळात चौघं टाळकरी होते. हाक मारली असती तर वीणा कुणीही घेतली असती. पण पाणी कुणी सोडलं, असं कुणी विचारलं तर? ते नाम घेत उभेच राहिले. आवाज मात्र चढला.

धावले ते नाना. फुटलेल्या बांधात माती टिकेना.

"दगड आणा," नाना म्हणाले.

"कुठनं आणू, नाना?" वस्तीतला बुद्धघोष म्हणाला.

"भिंतीला हायती की."

"आपल्या?"

"मग दुसऱ्याच्या कोण काढू दील रं?"

आणि पहिला दगड नानांनीच उपसला.

पाणी फुलाबाईच्या उंबऱ्याशी थांबलं, तेव्हा विहाराची भिंत पायापर्यंत उतरली होती.

चिखलानं माखलेले नाना ओट्याखाली आले. "हिंदुराव, चुलती बरी हाय तुमची. च्या मागतीया."

हिंदुरावांचं नाम तुटलं. "नाना, बांध फुटला न्हाय. मी फोडाय लावला."

"ठावं हाय. महिपती पळताना आमच्याच अंगावर आला."

"तरीबी तुमी धावला..."

"तरीबी काय? पुतण्याला इचारून येतो, तवर पवत बस, असं सांगायचं हुतं म्हातारीला?"

मागचे टाळ थांबले होते. चौघांनी सगळं ऐकलं होतं. हिंदुरावांनी वीणा त्यातल्या जोतीरामाच्या गळ्यात घातली. त्याच्या नजरेला नजर देववेना. ते पायऱ्या उतरले.

"घमेलं द्या मला."

"आज न्हाय," नाना म्हणाले. "आमच्या बायका लई तापल्यात. सकाळी या, चार माणसं घिऊन. आन् वाळू सोडा."

वाळू त्यांनी त्याच सांजेला सोडली. सकाळी मात्र ते एकटेच गेले. गावातलं कुणी बरोबर यायला तयार होईना. वस्तीत त्यांना कुणी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. नानांनी तेवढं घमेलं पुढं केलं. भिंत पुन्हा कमरेला येईपर्यंत हिंदुरावांनी दगड वाहिले, आणि तेवढे दिवस मान काही वर केली नाही.

नाना आता नाहीत. देवाचं नाव घ्याल तेव्हा, बाबांनो, क्षणभर त्यांनाही आठवा.